पारास्का मेंढ्यांशी बोलायची

दार नीट लावा रे पोरांनो, वारा आत येतोय. बाहेरची कोल्हेकुई ऐकलीत ना? त्यावरून आपल्या शेजारचा मेंढ्या पाळणारा नेस्टर आठवला. मी थापा मारत नाही. हे त्यानंच मला सांगितलं, आणि नेस्टर म्हणजे हवापाण्याबद्दलसुद्धा दोन शब्दांवर तिसरा न काढणारा माणूस.

गेल्या वर्षीची एकोणीस जानेवारी. संध्याकाळी नेस्टर गावात टेपचे सेल आणायला गेला. माणसाची बोलचाल ऐकली की कायोट, म्हणजे आपल्याकडचे हे रानकोल्हे, मेंढवाड्याकडे फिरकत नाहीत, म्हणून आपण सगळे तिथं रात्रभर रेडिओ लावतो. नेस्टर टेप लावायचा. त्याची बायको पारास्का ऐन सुगीत वारली. ती मेंढ्यांना दटावतानाचा तिचा आवाज नातवानं गमतीनं टेप करून ठेवलेला, तोच तो लावायचा. "ए बयांनो, ढकलाढकली नको. येतेच मी!"

दुकानातल्या इर्मानं विचारलं, "एकट्याला एवढं दूध? मांजरं पाळलीस की काय?"

"हं," नेस्टर म्हणाला.

बायको गेल्यापासून तो नुसता बधिर झाला होता. रडला नाही, कुणावर चिडला नाही. दोघांपुरतं दूध घेऊन घरी आला आणि सेल विसरला.

दहा दिवसांत कायोटांनी दोन मेंढ्या नेल्या होत्या. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, आणखी एक गेली की सगळा कळप विकायचा. कबूल?" तो कबूल म्हणाला होता. कळप पारास्काचा. तो गेला की तिचं म्हणावं असं घरात काही उरणार नव्हतं. तरी त्याला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटायची.

मुकी टेप त्यानं घरात आणून टेबलावर ठेवली. रात्रभर राखण करायला हवी होती. तो झोपला.

सव्वादोनला जाग आली. कोठारामागे कायोट ओरडत होते. पाच... सहा... मग सगळे एकदम गप्प.

मेंढवाड्यातून आवाज आला. "ए बयांनो..."

टेप चालू आहे, असं मनाशी म्हणत त्यानं कूस बदलली. मग आठवलं.

टेप टेबलावर होती.

बंदूक न घेताच तो बाहेर पडला. थंडी उणे अडतीस अंश. लख्ख चांदणं. मेंढवाड्यासमोर सहा कायोट ओळीनं बसलेले. त्याच्याकडे एकानंही पाहिलं नाही. सगळ्यांची नजर दारावर...

तो त्यांच्यामधून चालत गेला. एक जण जरासा सरकला. वाट दिली.

"पारास्का?"

आतला आवाज थांबला.

कडी बाहेरून लावलेली. वर बर्फ गोठलेला. हातोडीनं ठोकून त्यानं ती काढली.

आत मेंढ्या होत्या. मोजल्या. एकही कमी नाही. कोपऱ्यातली म्हातारी मेंढी व्यायली होती. कोकरू कोरडं, स्वच्छ पुसलेलं. आपण घालतो तसा आईचा आकडा त्याच्या पाठीवर घातलेला, निळ्या रंगात. सात.

मधून आडवी रेघ मारलेला सात. पारास्काच्या आजीनं युक्रेनहून आणलेली सवय ती. या टापूत तसा सात दुसरं कुणी काढत नाही.

नेस्टर गवतात खाली बसला आणि सुगीनंतर पहिल्यांदा हमसून हमसून रडला. मग त्यानं त्या आकड्यावर बोट टेकवलं.

रंग अजून ओला होता...