मेणातली मूठ

बाकीझिओ सुऱ्यांच्या मुठी करायचा. सार्डिनियाच्या डोंगरातले धनगर पातं कुठूनही आणोत, मूठ मात्र त्याच्याकडूनच बसवून घेत. गिऱ्हाइकानं मऊ मेणाचा गोळा मुठीत घट्ट दाबायचा आणि त्या मापानं बाकीझिओनं एडक्याचं शिंग कानशीनं घासायचं. सगळ्यांचे गोळे फळीवर नावानिशी असत. माणूस गेलं की नवव्या दिवशी त्याचा गोळा कढईत वितळवायचा, हा तिथला रिवाज. नाहीतर मेलेल्याची पकड सुटत नाही म्हणतात.

त्याचा भाऊ गाविनो फेब्रुवारीत गेला. तो पाती घडवायचा. मूठ कुणाचीही असो, सुरीला नाव गाविनोचं! त्यावरून अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. "राहू दे लोंबकळत," म्हणून बाकीझिओनं त्याचा गोळा तसाच ठेवला. मेलेल्या भावावर सूड! माणसानं किती खाली उतरावं?

मे महिन्यात एका सकाळी गाविनोची लेक बोनारिया बापानं घडवलेलं शेवटचं पातं घेऊन आली. मेंढरं आता तीच राखत होती.

"माझ्या हाताची मूठ कर, काका." तिनं मेण दाबून दिलं. "बाबांचा गोळा वितळवलास ना?"

"केव्हाच."

"बरं झालं. आई रोज विचारते."

दुपारी जेवून गाव झोपलं. शेकलेल्या शिंगाचा जळका वास खोलीत कोंदला होता. बाकीझिओ घासायचा, मापाशी ताडून बघायचा. तिसऱ्यांदा माप जुळेना. त्यानं मेण उजेडात धरलं. बोनारियाच्या बारीक बोटांवरून चार जाड बोटं आडवी रुतली होती...

घाईघाईनं त्यानं फळीवरचा गाविनोचा गोळा काढला. तो गुळगुळीत होता. त्यात एकही बोट उरलं नव्हतं.

त्यानं कढई चुलीवर चढवली, बोनारियाचा गोळा उचलला आणि थबकला. भावाची पकड वितळवायची तर पोरीचीही वितळणार. जिवंत माणसाचा गोळा आजवर कुणी वितळवला नव्हता.

"वैर माझ्याशी होतं ना रे," तो रडकुंडीला येऊन पुटपुटला. "तिला कशाला धरतोस...?"

दार ढकलून बोनारिया आत आली. डाव्या हातानं उजवा हात चोळत होती.

"काका, सकाळपासून मूठ उघडतच नाही... कुणी वरून दाबून धरल्यासारखी." मग तिचं लक्ष कढईकडे गेलं. "कोण गेलं रे?"