रोलर जिथे अडकतो

ज्यांना ही गोष्ट बनावट वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. मी स्वतः तिथे बसले होते. आणि असलं काही रात्रीच घडतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

आमच्यासोबत घडलं ते भर दुपारी. गेल्या मे महिन्यातला रविवार. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे.

माझा धाकटा भाऊ इंद्रजित शेतीची यंत्रं बनवतो. आधी कॉम्प्युटरवर पूर्ण मशीन उभी करतो, मग पत्रा कापतो. गिऱ्हाइकांचे फोन मी सांभाळते.

त्याने पऱ्हाटीचा भुसा करायची मशीन डिझाइन केली होती. कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या वाळक्या काड्या तोंडातून आत सारायच्या. दोन दातेरी रोलर त्या ओढून घेतात. कॉम्प्युटरवर सगळे भाग एकमेकांना जोडलेले. माउसने एक गिअर फिरवला की दोन्ही रोलर गरागरा फिरायचे. गिऱ्हाईक बघतच राहायचं.

फक्त तोंडावरच्या झाकणामुळे रोलर नीट दिसत नव्हते. म्हणून दाखवताना इंद्रजितने झाकण सप्रेस केलं. म्हणजे तो भाग फाइलमध्ये राहतो, पण चित्रातून, ड्रॉइंगमधून, सामानाच्या यादीतून गायब होतो.

आणि तो ते परत चालू करायला विसरला.

दोन मशिनी बिनझाकणाच्या गेल्या. एक घाटंजीला, एक दारव्ह्याला.

घाटंजीच्या मशीनवर जमनी नावाची बाई कामाला होती. पऱ्हाटीसोबत तिची ओढणी आत गेली... आणि मग ती.

ती वाचली नाही.

शेतमालकाने पोलिसांना जबाब दिला, बाईचीच चूक, ओढणी सैल होती. इंद्रजितला विचारलं तेव्हा तोही मान हलवून मोकळा झाला. तेव्हापासून तो धड जेवत नव्हता.

त्या रविवारी मी डबा घेऊन गेले. वर्कशॉपला सुट्टी होती. तो एकटाच कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"दारव्ह्याले फोन केला का?" मी विचारलं.

"कायले, ताई? नव्या मशीनले लावून राह्यलो ना झाकण. जुन्याचं आता बोललो तं वर्कशॉप गेलंच समज."

"अन् तिथं उद्या कोणाचा हात गेला तं?"

मला त्याचा भयंकर राग आला. रडूही आलं. माझाच भाऊ होता तो.

त्याने फाइल उघडली. झाकण चालू करण्याआधी सवयीने गिअर फिरवला.

रोलर फिरले... आणि थांबले.

"हे काहून अडकलं?"

एक भाग दुसऱ्याला धडकला की त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही भाग लाल होतात. इथे फक्त रोलरचे दात लाल झाले होते. समोर धडकायला काहीच नव्हतं.

दोन रोलरच्या मधली जागा रिकामी होती.

त्याने उलटं फिरवलं. फिरलं. पुन्हा सुलटं... तिथेच अडकलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी तिथेच.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर बंद पडला. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला.

सगळीकडे चिडीचूप.

मग मागच्या शेडमधून आवाज आला...

कट्... कट्...

वाळक्या काड्या मोडल्यासारखा. शेडला बाहेरून कुलूप होतं. आत फक्त नव्या मशीनचा अर्धवट सांगाडा. त्याला रोलर नाही, मोटर नाही. आणि लाईट तर गेलेली.

"ताई... इकडं पाह्य."

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

स्क्रीनवरचा गिअर मात्र फिरत होता... हळूहळू.

कट्... कट्...

रोलर त्या जागी आला. थांबला. दात लाल झाले.

शेडमधला आवाजही थांबला.

मी फोन उचलला. दारव्ह्याची मशीन ज्यांनी घेतली त्या मुजफ्फरभाऊंना लावला. म्हटलं, "भाऊ, मशीन बंद ठेवा. कोणाले जवळ जाऊ देऊ नका."

"मैत्रेयीताई, मीच तुमाले फोन करनार होतो," ते वैतागले होते. "मशीन सकाळपासून बंदच पडून हाय. मोटर सुरू होते, पन रोलर अर्धा फिरते अन् अडकते. मंधात काईच नाही. कामावरच्या लालीबाईनं आत हात घालून पाह्यलं."

"मोटर सुरू असताना?"

"हाव. रोलर हाललाच नाही."

मी फोन ठेवला आणि इंद्रजितला सांगितलं. तो टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही झाकण घेऊन दारव्ह्याला गेलो. झाकण बसवलं. बटण दाबताच रोलर फिरला, जणू कधी अडकलाच नव्हता. इंद्रजितने मुजफ्फरभाऊंना सगळं खरं सांगितलं. तिथून घाटंजीच्या ठाण्यात जाऊन चूक आपली असल्याचा जबाब दिला. त्याचं पुढे काय होईल ते अजून ठरायचं आहे.

मग जमनीच्या घरी गेलो. तिचा नवरा देवसिंग ओट्यावर बसला होता. इंद्रजितने हात जोडून झाकणाचं सांगितलं. दारव्ह्याचा रोलर कसा अडकला, तेही सांगितलं.

देवसिंग ओरडला नाही. शिवी दिली नाही.

"मंग माह्या जमनीच्या वेळी काहून नाही अडकला?"



आता फाइलमध्ये झाकण चालूच असतं. रोलर फिरतात. पण त्या जागी आले की क्षणभर थांबतात... इंद्रजित माउस सोडून देतो आणि वाट बघतो. मग ते आपोआप पुढे जातात.

त्या क्षणभरात मला देवसिंगचा प्रश्न ऐकू येतो.