एकेकट्या गुंड्या

येरमाळ्याच्या स्टँडवर माझ्या पिशवीचा बंद तुटला, आणि घरी कळंबला नेणारी बस यायला अजून पंधरा मिनिटं होती. म्हणून मी समोरच्या शिलाईच्या दुकानात शिरले. एवढंच निमित्त!

पौषातली कलती दुपार. दारातनं उन्हाची एक तिरीप थेट मशीनवर उतरली होती, आणि तिच्यात सुताचे बारीक तंतू तरंगत होते... मशीनवरच्या तरुणानं मान वर केली. डोळे असे शांत, की पिशवी पुढं करायचंच मी विसरले.

“काय शिवायचंय, मॅडम?”

“बंद... तुटलाय.”

दोन मिनिटांचं काम त्यानं फार सावकाश केलं. तेवढ्यात फळीवरची बरणी मला दिसली. कोटाच्या मोठाल्या, रंगीबेरंगी गुंड्यांनी गळ्यापर्यंत भरलेली.

“या गुंड्या मला द्याल?”

“एकेकट्या हायत त्या. जोडी न्हाय कुणाचीच.”

“माझ्या पोरांना चालतील.”

“किती पोरं तुम्हाला?”

“तेवीस.”

दोरा दातांत धरून तो माझ्याकडं बघतच राहिला.

“बालवाडीत!” मी म्हणाले, आणि आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो... की माझी बस निघून गेली.

त्याचं नाव रुद्रेश. माझं शिवप्रिया. त्यानं विचारलं नव्हतं, मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत सतरंजीवर गुंड्या ओतल्या आणि पोरं तुटून पडली. लाल इकडं, निळ्या तिकडं, दोन भोकांच्या वेगळ्या, चार भोकांच्या वेगळ्या. मोजणं हातातनं यावं, असा माझा हट्ट. पण अलिजानं मला कोड्यात टाकलं. साडेचार वर्षांची ही पोर एक ते शंभर धाडधाड म्हणायची. “चार गुंड्या आण गं,” म्हटलं की मात्र ओंजळ भरून आणायची. चार म्हणजे किती, हे तिला ठाऊकच नव्हतं.

“खेळ पुरे आता, पाठांतर घ्या,” बालवाडी चालवणाऱ्या गौराबाई म्हणाल्या. “पालकसभा तोंडावर आलीय. पोरं अडखळली तर पुढल्या वर्षी तुम्हाला ठेवणं अवघड हाय बघा.”

हे सगळं मी रुद्रेशला का सांगितलं, कोण जाणे. रोजची बस चुकत होती, एवढं खरं.

त्यानं मशीन थांबवून ऐकलं. मग म्हणाला, “तोंड पळतंय तिचं, हात मागं राहतोय. हाताला थांबायला जागा पायजे.”

शुक्रवारी तो स्वतःच बालवाडीत आला, बगलेत जाड कापडाची पट्टी घेऊन. पट्टीवर ओळीनं दहा काजं, हातानं शिवलेली. मांडी घालून तो अलिजासमोर बसला.

“एका काजात एकच गुंडी. ती पार जाऊस्तोवर बोलायचं न्हाय. जमंल?”

अलिजानं मान डोलावली. चिमुकली बोटं झटत होती, जीभ दातांत... गुंडी पार झाली. “एक.” दुसरी पार व्हायला किती वेळ! “दोन.” वर्ग चिडीचूप. “तीन... चार.”

“आता मला चार आण,” मी हळूच म्हणाले.

मी हात पुढं केला. रुद्रेशनंही केला. अलिजा क्षणभर घोटाळली, मग दोन गुंड्या तिनं माझ्या तळहातावर ठेवल्या, दोन त्याच्या. आणि आमच्या दोघांकडं बघून हसली! माझे कान गरम झाले. त्याच्याकडं बघायची माझी छातीच झाली नाही.

“तुम्ही मास्तरच व्हायला हवं होतं,” जाताना मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. “पाचवीतनं पळालेला माणूस मी. पाढा चुकला की ओणवं उभं करायचे... कंबर धरायची. पळालो ते पळालोच.”

पालकसभेला मी त्याला बोलावलं. तो आला नाही.

सभेत एक जण उठलाच. “माझा पोरगा वीसच्या पुढं जाईना. गुंड्या खेळून काय व्हनार?” गौराबाईंनी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात अलिजाची आई, नूरुन्निसा, पदर सावरत उभी राहिली.

“काल घरी पाहुणे आले. म्या म्हटलं, ताटं मांड. पोरीनं एकेका माणसाला हात लावून मोजलं, सात. ताटं मांडली, सात. एक जादा न्हाय, एक कमी न्हाय. शंभराचं काय घेऊन बसलाव?”

आधी गौराबाई हसल्या, मग सगळे. मी तशीच स्टँडकडं धावले. धापा टाकतच रुद्रेशला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून कापड कापत राहिला.

“लई चांगलं झालं, मॅडम.”

“इतकंच?”

“गौराबाई सांगत होत्या... लातूरचं स्थळ आलंय तुम्हाला. इंजिनिअर.” कात्री थांबली. “चांगलंच हाय की.”

“तुम्हाला चांगलं वाटतंय?”

बाहेर बस आली, उभी राहिली. मी हललेही नाही.

“न्हाय वाटत,” तो म्हणाला. अगदी हलक्या आवाजात. “पाच वाजले की मी रस्त्याकडं बघतो. तुमची बस चुकावी म्हणून देवीला हात जोडतो. पण पाचवी शिकलेल्या माणसानं...”

“ज्या पोरीला मी महिनाभर शिकवू शकले नाही, तिला या माणसानं एका दुपारी शिकवलं. मी हेच सांगितलं बाबांना. सकाळी.”

त्यानं दचकून मान वर केली. “तुमच्या बाबांना? काय म्हणाले?”

“मी निघताना विचारलं, दुकान स्टँडच्या कुठल्या बाजूला आहे. उद्या येणार आहेत ते.”

“सदऱ्याचं माप द्यायला?”

“माप घ्यायला,” मी म्हणाले. “तुमचं.”

तो उभाच राहिला... मग हसू आधी त्याच्या डोळ्यांत आलं, आणि पहिल्यांदाच त्यानं मॅडम म्हटलं नाही.

“शिवप्रिया... बस जाईल की.”

“जाऊ दे,” मी म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.