यादीत नसलेले पाय

२०६१ सालची गोष्ट. खाडीकाठच्या गावातल्या आरोग्य-संशोधन केंद्राच्या भिंतीवर संशोधनासाठी निवडलेल्या आजारांची यादी उमटली: गुडघेदुखी, रक्तदाब, ऐकू कमी येणं... रुणालीने ती तळापर्यंत वाचली. तिची आई मिठागरात राबायची. खाऱ्या पाण्याने चिरलेल्या तिच्या पायांच्या जखमा भरतच नव्हत्या. यादीत त्या कुठेच नव्हत्या!

"गोवर्धनआजोबा, असं कसं?" तिने केंद्राच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञांना विचारलं.

"बाळा, शास्त्रज्ञ थोडे, आजार फार. म्हणून प्राधान्यक्रम (आधी कशावर संशोधन करायचं, तो क्रम) लोकांना विचारूनच लावला. आज पाचला यादी पक्की होईल. पुढची तीन वर्षांनी."

तीन वर्षं! रुणालीचे डोळे भरले.

"अगं, रडतेस काय? आपण आढावा घेऊ. म्हणजे यादी कशी तयार झाली, ते तपासू. कुणाला विचारलं? कधी? कोण राहिलं? चिंगे, सांग बघू."

चिंगी ही त्यांची यंत्रमानव-मदतनीस. ती म्हणाली, "रोज सकाळी दहानंतर मी घरोघर गेले. दोनशे दहा माणसं भेटली. रुणालीकडे तिचे आजोबा भेटले. गुडघे दुखतात म्हणाले. मला चहा घे म्हणाले. नको म्हटलं, तर रागावले."

"पण आई तर पहाटेच मिठागरावर जाते! त्या दोनशे दहांत मिठागरातले किती?"

चिंगीने नोंदी चाळल्या. "एकही नाही."

 गोवर्धनआजोबा हळूच म्हणाले, "वेळ मीच ठरवली होती गं. पूजा आटोपून नैवेद्य दाखवला की मगच चिंगीला धाडायचो. देवाचं सगळं वेळेवर केलं आणि त्याची लेकरं राहून गेली."

त्यांनी यादी पक्की करणं आठवडाभर पुढे ढकललं. खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मिठागरातल्यांना विचारायचं राहिलं. चूक माझी.' मग तिघं तडक मिठागरावर गेले.

"पाय होय?" आई हसली. "हा काय आजार आहे? काम म्हटलं की हे असायचंच."

"सगळ्याजणी असंच म्हणतात का?" आजोबांनी विचारलं.

"मग? सगळ्यांचेच तसे आहेत ना!"

चिंगी भराभर टिपू लागली.

आठवड्याने यादी पुन्हा उमटली. गुडघे पहिलेच राहिले, पण दुसऱ्या जागी पायांच्या जखमा आल्या. शेजारच्या गावानेही आपली यादी तपासायला चिंगीला बोलावलं.

त्याच दुपारी आजोबा औषध शोधण्यासाठी जखमेचा पहिला नमुना घ्यायला आईसमोर मिठाच्या बांधावर बसले. "ताई, बघू पाय."

"अहो, तुम्ही कशाला माझ्या पायाला हात लावता!" आईने पाय आत ओढले. रुणालीने तिचा हात धरला. तेव्हा कुठे साडीच्या घोळाखालून एक पाय हळूच पुढे आला.