दाराआडची टकटक

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, हे आमच्याच घरात घडलंय. बोर्निओत, कापुआस नदीच्या काठी, रमजानला चार दिवस उरले असताना, भर दुपारी.

मस्दारकाका पाकोळ्या पाळायचा. घरामागे बिनखिडक्यांची उंच इमारत, वर पाखरांपुरतं एक भोक. आत मिट्ट काळोख, आणि पाकोळ्यांना बोलावणारे भोंगे दिवसभर किलबिलत असायचे. पिल्लं उडून गेली की काका त्यांची लाळेची घरटी खरवडून काढायचा. लोक ती खायला विकत घेतात.

आत जाण्याआधी तो लोखंडी दारावर तीनदा टकटक करायचा. अंड्यांवरची पाखरं दचकू नयेत म्हणून. मग चोरांच्या भीतीने आतून कडी.

"पाखरांना विचारून आत जाता," रुसमीनाकाकू त्या दिवशीही म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात मात्र चिखलाच्या पायांनी!"

"तू कुठे दचकतेस? मीच दचकतो तुला," काका हसला. "मासा भाजून ठेव. आलोच."

टक... टक... टक.

काकूने मासा निखाऱ्यावर ठेवला.

तासाभराने पुन्हा... टक, टक, टक.

बाहेर येऊन परत आत चालले वाटतं, जेवायची शुद्ध नाही, म्हणून ती फणकारली. मासा गार झाला.

पुन्हा टकटक. या वेळी हळू.

मग काहीच नाही.

तिन्हीसांजेला पाकोळ्या परतल्या. काका नाही.

शेजाऱ्यांनी दार तोडलं. शिडीवरून पडून त्याची कंबर मोडली होती. दारापर्यंत तो सरपटत आला होता. कडी उंचावर, हात पोचला नाही. हाका भोंग्यांच्या आवाजात विरून गेल्या.

मूठ दाराला टेकलेली होती.

त्याच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस झाल्यावर काकूने भोंगे कायमचे बंद केले. नवं दार बसवलं, त्याला आतून कडी लावूच दिली नाही.

दुसऱ्याच दुपारी...

टक... टक... टक.

आतून.

काकू धावली, तिच्यामागे मी. दोघींनी जीव खाऊन दार ढकललं. हललं नाही. कडी नसलेलं दार आतून लागलं होतं!

"अहो, आले मी! या वेळी ऐकलं हो!" दारावर मुठी आपटत ती रडत होती.

तिन्हीसांजेला पाखरं आली, आणि दार आपोआप उघडलं. आत कुणीच नव्हतं.

तेव्हापासून रोज तेच. काकू दुपारी चूल पेटवत नाही. दाराला पाठ टेकून बसते. आतून टकटक झाली की बाहेरून तीनदा वाजवते.

"काकू, हे थांबावं असं वाटत नाही तुला?" मी एकदा विचारलं.

"मी उठून गेले, तर त्यांना वाटेल, आजही हिला ऐकू आलं नाही."

आज ती तापाने फणफणली आहे. दाराशी तिने मला बसवलंय. दोन वाजत आलेत...

मी दाराला पाठ टेकून मूठ वळून ठेवलीय.