पुढे न गेलेली सायकल

त्याने मला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि पुढे कितीतरी मैल तसंच पाहिलं.

आमच्या शहराच्या मॅरेथॉनमध्ये तोवर एकही बाई धावली नव्हती. मी बेकरीवाल्याची मुलगी. दादाचा शर्ट चढवून, त्याच्याच बुटांच्या टोकात कापूस कोंबून पुरुषांच्या शेवटच्या रांगेत उभी राहिले. कुणाच्या लक्षात येईतो शिट्टी झाली होती.

आणि तो होता ‘शेवटवाला’. एरवी पोस्टात कारकून. शर्यतीच्या दिवशी मात्र सायकलला लाल झेंडा बांधून सगळ्यांच्या मागून यायचं, हे त्याचं काम. नियम साधा होता. झेंडा ज्याच्या पुढे गेला, तो बाद.

पुलाजवळ शर्यत-समितीच्या सेक्रेटरीसाहेबांची मोटार आली. मला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी त्याला सांगितलं, की या बाईला मागे टाक आणि विषय संपव. मोटार निघून गेली. टाच सोलवटली होती, पाय भरून आले होते. त्याने दोन पायडल जोरात मारली असती, तर माझी शर्यत तिथेच संपली असती. आणि बाबा तर ‘तरी मी सांगत होतो’ म्हणायला टपलेलेच होते.

मागे चेन करकरत राहिली. जवळ येईना, लांबही जाईना...

“तुम्हाला हुकूम झालाय ना?” मी न वळता विचारलं.

“झालाय.”

“मग जा की पुढे—”

“पुढे गेलो तर तुम्ही दिसणार नाही.”

मला हसू फुटलं आणि श्वास चुकला. धावणाऱ्याला हसवू नये, एवढंही या माणसाला कळत नव्हतं. नुसती पाठ बघून काय कळतं, असं मी विचारलं. तर म्हणे, दमल्यावर डावा खांदा खाली येतो एवढं कळलंय, बाकीचं सावकाश कळून घेईन.

चढावर मी इतकी मंदावले, की सायकलवर त्याचा तोल राहीना. तेव्हा तो उतरला आणि ती हाताने ढकलू लागला. मी पहिल्यांदाच वळून पाहिलं. माझ्यापेक्षा तोच जास्त घामाघूम झाला होता, आणि मला तो फार आवडला.

मैदानावर शर्यत संपते तिथली दोरी गुंडाळून झाली होती, खुर्च्या उचलणं चाललं होतं. सेक्रेटरी म्हणाले, बाई बाद. त्याने झेंडा सोडून त्यांच्या हातात दिला.

“शेवटवाला मी, साहेब. आणि या माझ्या आधी आल्यात.”

नियम त्यांचाच, गिळावा लागला. झेंडा मात्र त्याच्याकडून गेला. दुसऱ्या दिवशी तो बेकरीत आला, तेव्हा बाबांना वाटलं गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक रोज येऊ लागलं, आणि वर्ष सरायच्या आत जावई झालं.

पुढच्या शर्यतीत माझ्या शेजारी दोन शाळकरी पोरी उभ्या होत्या. आता पोरींची रांग कोपऱ्यावरून वळते. शिट्टी मी वाजवते. भाषणात मला ‘पहिली’ म्हणतात; मला मात्र त्या दिवशी शेवटी आल्याचंच जास्त कौतुक आहे. झेंडाही कधीच त्याच्याकडे परत आलाय.

कालच्या शर्यतीत पुन्हा उशीर झाला. दोरी गुंडाळायला आलेल्यांना मी हाकललं आणि स्वतःच टोक धरून उभी राहिले. आधी एक रडवेली पोर लंगडत आली. तिच्यामागे, सायकल हाताने ढकलत, तो.

पोरीच्या टाचेला पट्टी बांधता बांधता मी विचारलं, “काय हो, हिचाही खांदा बघत होतात?”

“नाही गं,” तो धापा टाकत म्हणाला, “दोरी धरून कोण उभंय, ते बघत होतो.”