थोरल्या सम्राटांचं अंथरूण

संध्याकाळी समाधिमंदिरात अंथरूण घालायचं, सकाळी ते आवरायचं, एवढंच आमचं काम. थोरले सम्राट जाऊन वर्षं लोटली, तरी त्यांना जेवण लागतं, तोंड धुवायला पाणी लागतं. राजवाड्यातल्या ज्या बायकांना मूल झालं नाही, त्यांना त्यासाठीच इथे टेकाडाएवढ्या थडग्याच्या पायथ्याशी आणून ठेवलंय.

माणूस मूळचा होडीवाल्याच्या घरचा. सगळ्या राजांना गुडघ्यावर आणून त्यांनी घराण्याची गादी उभी केली, पण सवयी होडीवाल्याच्याच राहिल्या. भर दरबारात परातीत पाय सोडून बसायचे. ते पाय मी धुतले, ते जाईपर्यंत. एकदाही खाली पाहिलं नाही त्यांनी. माझ्याबरोबर इथे आणलेल्या यिंगला मात्र एका रात्री बोलावलं, आणि त्या एका रात्रीवर ती जन्मभर फुगून राहिली.

इथेही तेच. मी घातलेलं अंथरूण सकाळी तसंच सपाट. यिंगने घातलं की उशीला खळगा, आणि हात ठेवला तर ऊब.

"पाय धुणारीची ओळख पायांना," यिंग म्हणायची. "डोक्याला कशी असेल गं?"

एका संध्याकाळी अंथरूण घालायची पाळी तिची होती, ती मी बळकावली. संत्र्याच्या सालींत ठेवलेला तिचा अंगरखा चढवला, अंथरूण घातलं, दाराला कुलूप लावून किल्ली केसांत खोवली. यिंग पायरीवर उभी होती. हसली.

"मऊ घातलंस ना?"

सकाळी कुलूप जसंच्या तसं. आत संत्र्याचा वास. उशीला दोन खळगे, शेजारी शेजारी. मंचकापाशी यिंगचे जोडे, टाचा जुळवून ठेवलेले.

देखरेखीवरचा म्हातारा खोजा पेई दारातच थबकला. "यिंगबाई...?"

"खोलीत नाही."

"पळाली म्हणून कळवतो," तो कुजबुजला. "बाई, तुम्हीही तेच सांगा..."

पळाली म्हणे! अंथरूण मी घातलं आणि झोपली ती. भीती नाही वाटली मला. अंगाची आग झाली.

आता रोज मीच घालते. रोज दोन खळगे. मंचकाच्या पायाशी परात असते, मी कधीच न ठेवलेली. पाणी गढूळ. आणि तिथून अंथरुणापर्यंत ओली पावलं, एक जोडी रुंद, एक लहान, नाजूक.

मी माझ्या खोलीत आतून कडी घालून झोपते. तू इथे नवी आहेस पोरी, दिवा जरा इकडे घे, हे हात बघ. रोज सकाळी बोटांची कातडी अशीच सुरकुतलेली असते... रात्रभर पाण्यात राहिल्यासारखी.